पडीक जमिनीतले पूर्वज

१/
६ डिसेंबरला दादर स्थानकापासून शिवाजी पार्ककडे जी रांग लागते, तिचे टोक समुद्रकाठच्या एका लहानशा घुमटापाशी असते. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली माणसे तासन्‌तास उभी राहतात, चैत्यभूमीसमोर क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. बाबासाहेबांची तसबीर त्यांच्या घरी आहे, पुतळा गावच्या चौकात आहे, ग्रंथ कपाटात आहेत. तरीही ती येतात, कारण ७ डिसेंबर १९५६ रोजी जेथे अंत्यसंस्कार झाले ती जागा एकच आहे.

२/
५ डिसेंबर १९७१ रोजी लोकार्पण झालेल्या या वास्तूचा आकार स्तूपाचा आहे. स्तूपाची वंशावळ मागे नेत गेले, की मृताच्या अवशेषांवर रचलेल्या माती-दगडाच्या साध्या टेकाडापाशी ती पोहोचते. महाराष्ट्रातील अशा टेकाडांपैकी सर्वांत जुनी विदर्भात आहेत, आणि ती नाहीशी होत आहेत. त्यांचे दगड वाचवण्याचे कायदे आहेत. त्यांची जागा वाचवण्याची दृष्टी मात्र नाही. हा धागा त्या जागेविषयी आहे.

३/
मृतासाठी जागा निवडणे हा प्राचीन माणसाच्या दृष्टीने गंभीर विषय होता. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात स्मशानाची रचना कशी असावी याची चर्चा येते. देवांच्या पक्षाचे लोक चौकोनी रचना करतात, तर असुरांच्या पक्षाचे आणि पूर्वेकडील लोक गोल करतात, असा भेद तेथे नोंदला आहे. जमीन कोणत्या दिशेला उतरती असावी, ती गावातून दिसावी की दिसू नये, याचाही विचार तेथे आहे.

४/
महापरिनिब्बान सुत्तात याच्या उलट टोकाचा विचार आढळतो. चक्रवर्ती राजाप्रमाणे तथागताचा स्तूपही चार महामार्ग मिळतात त्या ठिकाणी उभारावा, असे तेथे सांगितले आहे. एका परंपरेत मृताची जागा दृष्टीआड ठेवायची, दुसरीत ती वाटसरूच्या वाटेवर आणायची. जागा कोठेही चालेल, असे मात्र दोन्ही परंपरांपैकी कोणीच म्हटले नाही.

५/
महाराष्ट्राच्या मातीत याहून जुना पुरावा आहे. घोड नदीकाठच्या इनामगावी ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. मूल गेले, तर दोन मातीच्या कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत त्याचा देह ठेवत. प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृत घरातच राहावा, त्याने कोठे जाऊ नये, अशी इच्छा अभ्यासकांना त्यात दिसते.

६/
इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात वेगळी रीत दिसते. येथे मृत घराबाहेर गेला, गावाबाहेर गेला, आणि खडकाळ माळावर त्याच्यासाठी मोठ्या धोंड्यांचे वर्तुळ उभे राहिले. आत माती आणि गोटे भरून मध्यभाग उंच केला गेला. पुरातत्त्वात यांना महापाषाणीय शिळावर्तुळे म्हणतात. शतकानुशतकांच्या पावसाने उंचवटा खचतो. नवख्या माणसाला दिसते ते एवढेच, की माळावर काही धोंडे विखुरले आहेत.

७/
नागपूरच्या वायव्येला काटोल रस्त्याजवळ जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे मोजली गेली. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, बोरगाव, रायपूर, भागीमोहारी, खैरवाडा ही या नकाशावरील आणखी काही नावे. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ नंतरच्या दीड-दोन दशकांत यांतील अनेक ठिकाणी उत्खनने केली. विदर्भाच्या लोहयुगाविषयी आज जे ठाऊक आहे, त्याचा पाया त्या कामाने घातला.

८/
आत काय मिळाले? काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, तांब्याच्या घंटा, कार्नेलियनचे मणी, क्वचित सोने. माहूरझरीला माणसांबरोबर घोडे पुरलेले आढळले, आणि घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. ज्या समाजाने घोडा सजवून धन्याबरोबर मातीआड केला, त्याच्याकडे संपत्ती होती, मानाच्या पायऱ्या होत्या, आणि शोक सर्वांदेखत व्यक्त करण्याची रीत होती.

९/
हे लोक भटके पशुपालक असावेत, असे पुष्कळ काळ मानले गेले. कबरी सापडत होत्या, घरे सापडत नव्हती. लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ च्या ग्रंथात हा पक्ष विस्ताराने मांडला. पुढे नायकुंडला वस्ती मिळाली, लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. भागीमोहारीलाही वस्तीचे थर लागले, गहू-तांदळासारख्या धान्यांचे जळके दाणे मिळाले. गुरे होती आणि शेतही होते, असे चित्र आता अधिक पटणारे आहे.

१०/
हे चित्र कशामुळे बदलले, ते ध्यानात घ्यावे. कबरीतील वस्तू त्याच होत्या. बदलली ती पाहणाऱ्याची नजर. वर्तुळापासून नदीपर्यंत, माळापासून काळ्या जमिनीपर्यंत चालत जाऊन अभ्यासकांनी वस्ती शोधली. वर्तुळे बहुधा डोंगरपायथ्याशी, नाल्याच्या आसपास, मुरमाड आणि नांगराला नको असलेल्या जमिनीवर असतात. जिवंतांसाठी सुपीक जमीन, गुरांसाठी माळ, मृतांसाठी माळाची कड, अशी ही भूमीची वाटणी होती.

११/
जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे उथळ खळगे कोरलेले आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे धोंडे वर्तुळात कोणत्या दिशेला आहेत, हे तपासले. ते ठराविक दिशांनाच आढळतात आणि त्यामागे आकाशाचे निरीक्षण असू शकेल, असा विचार त्यांनी मांडला. तो अंतिम ठरो वा न ठरो, धोंडा मूळ जागी आहे तोवरच हा प्रश्न विचारता येतो. बुलडोझरने तो दहा हात सरकवला, की दगड शाबूत राहतो आणि दिशा नाहीशी होते.

१२/
आता गिरणगावाशी असलेला धागा. या वर्तुळांविषयी सविस्तर लिहिणाऱ्या पहिल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी एक म्हणजे जॉन हेन्री रिव्हेट-कारनॅक. १८६७ च्या सुमारास जुनापाणीची काही वर्तुळे उघडली गेली आणि १८७९ मध्ये त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिला. हे गृहस्थ हुद्द्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते.

१३/
१८६७ मध्येच मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस त्या मार्गाने मुंबई बंदरात आला, आणि पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांतही त्याचे सूत झाले. ज्या काळ्या जमिनीने गिरणगाव पोसले, तिच्याच कडेला ही वर्तुळे होती. कापूस आयुक्ताला ती दिसली, कारण तो कापसाची जमीन पाहत हिंडत होता.

१४/
आणि ती टिकली, कारण तेथे कापूस येत नव्हता. नांगर माळाच्या कडेशी थांबला. आसपासच्या लोकांनी ही वर्तुळे जुन्या गवळी राजांची म्हणून सांगितली, म्हणजे त्यांना कोणा एकेकाळच्या धन्याचे मानले. महसुलाच्या भाषेत मात्र ती जमीन ‘पडीक’ झाली. ज्या जमिनीतून सारा येत नाही, तिच्यावर काही नाही, असा या शब्दाचा भावार्थ. तीन हजार वर्षांच्या आसपासची स्मशाने या एका शब्दाखाली झाकली गेली.

१५/
नांगरापासून ज्या नापीकपणाने त्यांचे रक्षण केले, तोच आता मुळावर आला आहे. कारखान्याला, खडी-मुरमाच्या खाणीला, भूखंडांच्या लेआउटला अशीच जमीन हवी असते: स्वस्त, उंच, निचऱ्याची, पिकाविना. टाकळघाटशेजारी बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आहे. रायपूर हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्यात येते. मुंबईला नागपूरशी जोडणारा समृद्धी महामार्गही हिंगणा तालुक्यातूनच सुरू होतो. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने ज्या भूमीला मुंबईशी बांधले, तिलाच आता रस्त्याने पुन्हा बांधले आहे.

१६/
यावर सहज सुचणारा उपाय असा: उत्खनन करावे, वस्तू संग्रहालयात ठेवाव्यात, जमीन मोकळी करावी. मुंबईला या उपायाचा अनुभव आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचे एक टेकाड उघडले. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. आत विटांचा स्तूप होता, आणि त्याच्या गर्भात दगडी पेटी. तिच्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, भोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे नाणे होते.

१७/
तो ठेवा फोर्टमधील टाउन हॉलच्या इमारतीत, एशियाटिक सोसायटीकडे आला आणि सुरक्षित राहिला. त्याविषयी कृतज्ञ असावे. पण टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या किती जणांना नालासोपाऱ्याचे ते टेकाड ठाऊक आहे? आणि लोकलने रोज ये-जा करणाऱ्या किती नालासोपारकरांना त्या टेकाडाच्या पोटातली पेटी कोठे आहे ते माहीत आहे? वस्तू एका ठिकाणी, जागा दुसऱ्या ठिकाणी, आणि अर्थ मधल्या प्रवासात हरवलेला.

१८/
परळचे उदाहरण वेगळे आहे. १९३१ मध्ये परळ-शिवडी दरम्यान रस्त्याचे काम चालू असताना सुमारे साडेतीन मीटर उंचीचे, सहाव्या शतकातील म्हणून ओळखले जाणारे शिवशिल्प मातीतून वर आले. मूळ शिल्प परळमध्येच, बारादेवीच्या मंदिरात राहिले. संग्रहालयात त्याचा साचा काढून केलेली प्रतिकृती ठेवली गेली. अभ्यासकाला प्रतिकृती पुरली. परळला त्याचा देव परळमध्येच मिळाला.

१९/
गिरगाव ते परळ या पट्ट्यात प्रागैतिहासिक टेकाड आज नाही. येथे माणसाचा पूर्वेतिहास नव्हता, असा याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल. कांदिवलीच्या पाषाणयुगीन हत्यारांवर के. आर. यू. टॉड यांनी १९३९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्रसपाटीखाली उभ्या झाडांचे बुंधे मिळाले होते, म्हणजे जुना किनाराही वेगळा होता. पण या शहराने टेकड्या फोडून खाड्या भरल्या. डोंगरीची नवरोजी टेकडी आता बहुतांशी रस्त्यांच्या नावात उरली. गिरगावच्या सोनापुराची स्मशाने एके काळी बॅक बेच्या किनाऱ्यालगत होती. भराव आला, मरीन ड्राइव्ह झाला, आणि समुद्र लांब गेला. मुंबईने आपले उंचवटे आणि आपल्या कडा स्वतःच पुसल्या.

२०/
मुंबईने गिरण्यांचेही तेच केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, शेड उतरल्या, टॉवर आले. लोअर परळला फिनिक्स मिलचे धुराडे मॉलच्या आवारात राहिले. धुराडे खरे आहे, विटा जुन्या आहेत. पण भोंगा नाही, चाळ नाही, पाळी सुटल्यावर रस्ता भरून टाकणारी माणसे नाहीत. नवख्याला ते सजावटीचे वाटले, तर दोष त्याचा नाही. भोवताल काढून घेतलेले स्मारक असेच दिसते.

२१/
जुनापाणीच्या वाट्यालाही हेच यावे काय? जुनापाणीसह नागपूर जिल्ह्यातील अनेक शिळावर्तुळस्थळे केंद्रसंरक्षित आहेत. १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित क्षेत्राभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रणाखाली आहेत. किल्ला, मंदिर, लेणे यांच्यासाठी ही आखणी समजण्यासारखी आहे. शिळावर्तुळांची वसाहत मात्र माळभर पसरलेली असते. तिचे नाते ओढ्याशी, टेकडीशी, दूरच्या वस्तीच्या पांढरीशी असते. कुंपण पडते ते धोंड्यांना.

२२/
येथे एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. ज्याची दोन एकर मुरमाड जमीन वर्षानुवर्षे काही पिकवत नव्हती, तिला आता कोठे भाव आला. त्या शेतकऱ्याने तीन हजार वर्षांपूर्वीच्या अनोळखी मृतांसाठी तो का सोडावा? वाढत्या नागपूरला घरे हवीत, तरुणांना कारखाने हवेत. मुंबईत बसून विदर्भाच्या माळावर वारसा राखण्याचा उपदेश करणे सोपे आहे. स्वतःच्या टेकड्या विकून बसलेल्या शहराने तर तो जपूनच करावा.

२३/
म्हणून ‘सर्व वाचवा’ ही मागणी प्रामाणिक नाही. प्रत्येक वर्तुळ राहणार नाही. पण कोणते राहावे आणि कोणते जावे, हे आज कोणी ठरवत नाही. ज्याच्या वाट्याला जेसीबी आधी येतो, ते आधी जाते. जाणून केलेला त्याग आणि नकळत झालेला नाश यांत फरक आहे, आणि शासनाने निदान पहिला पर्याय समाजापुढे ठेवला पाहिजे.

२४/
त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. एक, ज्ञात वर्तुळांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, म्हणजे जमिनीचा वापर बिगरशेतीसाठी बदलतानाच प्रश्न उभा राहील. दोन, जी वर्तुळे जाणार ती शास्त्रशुद्ध उत्खनन आणि मोजणीनंतरच जावीत. तीन, काही निवडक माळ ओढा-टेकडीसह अखंड राखावेत आणि त्या जमिनीच्या मालकाला बाजाराच्या तोडीचा मोबदला मिळावा. वारसा सर्वांचा आणि तोटा एका सातबाऱ्याचा, ही वाटणी अन्यायाची आहे.

२५/
हे अशक्य नाही. आसामात चराईदेव येथील अहोम राजघराण्याची मोईदामे, म्हणजे मातीची दफनटेकाडे, २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. तेथे नोंद एकेका टेकाडाची झाली नाही. टेकाडांची संपूर्ण व्यवस्था नोंदली गेली. जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाई आणि परिसरातील कोफुन २०१९ मध्ये त्याच यादीत आली. ती दाट वस्तीच्या शहरात आहेत. रस्ते आणि घरे त्यांना वळसा घालून गेली आहेत.

२६/
विदर्भाच्या माळावर निजलेल्यांचे नाव कोणास ठाऊक नाही. त्यांची भाषा, त्यांचे देव, त्यांचा वंश यांवर आज कोणी हक्क सांगू नये आणि कोणी नाकारूही नये. एवढे मात्र दिसते, की कोणीतरी गेले तेव्हा मागे राहिलेल्यांनी जागा निवडली, दूरवरून धोंडे ओढून आणले, वर्तुळ पूर्ण केले, आणि हा माणूस येथे आहे असे भूमीवर लिहून ठेवले. अक्षर येण्याआधीचे ते लेखन आहे. ते कागदावर उतरवून घेता येत नाही, कारण त्याचा कागद ती जमीनच आहे.

२७/
६ डिसेंबरला दादरच्या रांगेत नागपूरहून आलेली माणसे असतात. आदल्या दिवशी त्यांची गाडी बुटीबोरीवरून आलेली असते, त्या माळापासून काही कोसांवरून. मृताची जागा का जपायची, हे त्या रांगेला कोणी शिकवावे लागत नाही. शिकायचे आहे ते ‘पडीक’ हा शब्द लिहिणाऱ्या लेखणीला. नागपूरला जाणे झाले, तर काटोल रस्त्याच्या त्या माळावर तासभर उभे राहून यावे. धोंड्यांना हात लावू नये. ते कोठे आहेत आणि तेथून काय दिसते, तेवढे पाहावे.

(धागा समाप्त)